आठवण गेल्यावर उरते ते कोण?

स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया झालेल्या माणसावर औषधांविना जे उपचार होतात त्यांत संगीत, जुन्या दिवसांच्या गप्पा, बुद्धीला चालना देणारे खेळ, हाताला सवयीचे काम आणि स्पर्श यांचा समावेश होतो. यांतल्या कशानेही रोग बरा होत नाही. डोनेपेझिलसारख्या औषधांनीही तो बरा होत नाही, लक्षणे काही काळ आवरतात इतकेच. मग हे उपचार करायचे कोणासाठी? ज्याला स्वतःचे नाव, घर, पोटची मुले आठवत नाहीत, तो माणूस तोच राहिला आहे का? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यामुळे हा प्रश्न पाठशाळेपुरता उरलेला नाही. बोरीवलीतल्या दोन खोल्यांच्या घरातही तो रोज उभा राहतो.

माणूस म्हणजे त्याची स्मृती, हे मत जुने आणि वजनदार आहे. इंग्लंडमध्ये जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस ते मांडले: कालचे कृत्य आपले म्हणून ज्याला आठवते, तोच कालचा माणूस. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात बौद्धांच्या क्षणिकवादाविरुद्ध स्मृतीचाच दाखला दिला. पाहणारा आणि आठवणारा एकच नसेल, तर ‘ते मीच पाहिले’ असे कोणाला म्हणताच येणार नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तर स्मृती गेली की बुद्धी आणि बुद्धी गेली की माणूसच नष्ट होतो, अशी साखळी आहे. मात्र ती विषयांच्या आसक्तीतून आणि क्रोधातून सुरू होते. मेंदूच्या आजाराशी तिचा संबंध नाही. आजारी माणसाला ती लावणे हा गीतेवर आणि त्या माणसावर अन्याय आहे. शंकराचार्यांच्या युक्तिवादातही स्मृती हा आत्म्याचा पुरावा आहे, आत्मा नव्हे. पुरावा हरवला म्हणून वस्तू नाहीशी होत नाही.

तरीही आत्मा अविकारी आहे एवढे म्हणून घरातल्यांचे काम भागत नाही. समोर बसलेल्या माणसात त्याची खूण कोणती? इथे न्यायदर्शन जास्त उपयोगी पडते. गौतमाच्या न्यायसूत्रांनी आत्म्याच्या सहा खुणा सांगितल्या: इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान. स्मृतिभ्रंशाने घाला पडतो तो मुख्यतः सहाव्या खुणेवर. उरलेल्या पाच, रोग खूप पुढे गेल्यावरही, डोळ्यांना दिसतात. आजी नको असलेला घास जिभेने बाहेर ढकलतात, हा द्वेष आहे. शर्टाचे बटण लावायला पुन्हा पुन्हा झटतात, हा प्रयत्न आहे. नातवाचा हात हातात आला की चेहरा सैलावतो, हे सुख आहे. न्यायाच्या कसोटीवर तो माणूस पुरता हजर आहे.

औषधांविना होणारे उपचार याच पाच खुणांना हाक मारतात. २००३ साली ब्रिटनमध्ये एमी स्पेक्टर आणि सहकाऱ्यांनी बोधनाला चालना देणाऱ्या गटउपचाराची चाचणी प्रसिद्ध केली. सात आठवडे, आठवड्यातून दोनदा, अशा चौदा बैठका होत्या. त्यांत उत्तर बरोबर की चूक याला महत्त्व नव्हते, मत विचारले जाण्याला होते. विचारशक्ती आणि जीवनमान या दोन्हींत मोजता येईल एवढी सुधारणा दिसली. त्याहून विचार करायला लावणारा प्रयोग २०१४ साली अमेरिकेत आयोवा विद्यापीठात झाला. अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी दृश्ये दाखवली. काय पाहिले ते ते लवकरच विसरले, पण मनात उमटलेली भावना त्यानंतरही टिकून राहिली. दुपारी प्रेमाने भरवलेले संध्याकाळी आठवत नाही, पण त्याने आलेला निवांतपणा टिकू शकतो. रागावून बोलल्याचा ओरखडाही तसाच टिकतो. ‘त्यांना काय कळतंय’ म्हणून वाटेल तसे वागण्याला इथे काहीही आधार उरत नाही.

बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. डोंगरात कोरलेल्या या शंभराहून अधिक लेण्यांत अनेक शतके बौद्ध भिक्षू राहिले, शिकले, वाद घालत राहिले. त्यांच्या परंपरेने तर स्थिर ‘मी’ मुळात मानलाच नाही. ‘मिलिंदप्रश्न’ या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला दिव्याचे उदाहरण देतो: रात्रभर जळणारी ज्योत पहिल्या प्रहरी आणि तिसऱ्या प्रहरी तीच नसते, वेगळीही नसते. या दृष्टीने पाहिले तर आजारी आई ‘पूर्वीची आई’ राहिली नाही ही तक्रार थोडी निवळते, कारण निरोगी माणूसही पूर्वीचा कधी राहत नसतो. आत्मवादी आणि अनात्मवादी यांचे पटणे कठीण. पण आज समोर असलेल्या जिवाशी करुणेने वागायचे, या व्यवहारावर दोघेही येऊन थांबतात.

खरी कसोटी सत्याची. सासूबाई विचारतात, ‘हे अजून कसे आले नाहीत?’ आणि सासऱ्यांना जाऊन दहा वर्षे झालेली असतात. वास्तवाचे भान देणाऱ्या जुन्या पद्धतीत वस्तुस्थिती पुन्हा पुन्हा सांगितली जाई. म्हणजे ती बाई दर वेळी नव्याने विधवा होई. पुढे नेओमी फाइल यांनी भावनेला मान देणारी पद्धत घडवली. तिच्या वळणाने सून खोटे बोलत नाही आणि घावही घालत नाही. ती विचारते, ‘आई, ते आले की तुम्ही आधी चहा टाकायचात का?’ मग बोलणे सुरू होते. महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण कौशिक ब्राह्मणाची गोष्ट सांगतो. दरोडेखोरांना खरे उत्तर देऊन त्याने निरपराधांचे प्राण घालवले आणि तो नरकात गेला. बोरीवलीत ज्यांची मोठी वस्ती आहे त्या जैनांच्या आचारातही पीडा देणारे सत्य अहिंसेच्या कसोटीवर टिकत नाही.

श्रद्धा हा स्वतःही एक उपचार होऊ शकतो. पाठ झालेली गाणी आणि प्रार्थना बोलणे आटल्यावरही बराच काळ ओठांवर राहतात. म्हणून कोणाला हरिपाठ, कोणाला नवकार मंत्र, गोराईच्या ईस्ट इंडियन आजीला रोझरी. मात्र जे ज्याचे तेच त्याला द्यावे. आयुष्यभर देव न मानलेल्या, शाहिरीवर वाढलेल्या कामगाराच्या कानाला भजन लावून ठेवणे हा उपचार नव्हे, जबरदस्ती आहे. आणि हा आजार पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ आहे, असे घरच्यांना सांगणे तर निखालस क्रौर्य आहे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या २०१३ सालच्या मराठी चित्रपटात संस्कृतचे पंडित असलेले शास्त्री हत्तीमागे भटकत जातात आणि माहुताची बायको त्यांना लेकरासारखे सांभाळते. त्यांची विद्वत्ता तिला ठाऊक नाही आणि तिला त्याची गरजही पडत नाही. चित्रपटातली तिची सेवा मात्र थोड्या वेळाची आहे. घरात ती वर्षानुवर्षे चालते आणि बहुधा एकट्या सुनेच्या किंवा लेकीच्या अंगावर पडते. सेवेला धर्म म्हणायचे असेल, तर तो धर्म भावांनी, मुलांनी आणि शेजाऱ्यांनीही वाटून घेतला पाहिजे. सभागृह असलेल्या प्रत्येक सोसायटीने आणि ज्येष्ठ नागरिक संघाने आठवड्यातली एक दुपार अशा आजीआजोबांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांच्या विसाव्यासाठी राखून ठेवावी. घरातल्यांनी आजाराच्या सुरुवातीलाच, विचारता येते तोवर, त्यांची आवडती गाणी, लाडाची नावे आणि हातची कामे त्यांच्याकडूनच विचारून एका वहीत लिहून घ्यावीत.