विस्मृत आजार आणि आप्तवचन

बालपणी कर्करोगातून बऱ्या झालेल्या व्यक्तीला आपल्या आयुष्यातील सर्वांत निर्णायक घटनेविषयी जे ठाऊक असते, ते बहुधा तिच्या स्वतःच्या स्मृतीतून आलेले नसते. दुसऱ्या वर्षी उपचार झालेल्या मुलाला सलाइनची सुई किंवा आईची जागरणे मोठेपणी आठवत नाहीत. मात्र तेव्हा शिरेतून दिलेल्या डॉक्सोरुबिसिन या औषधाची खूण हृदयाच्या स्नायूवर राहते आणि कधी कधी दोन-तीन दशकांनंतर हृदय दुर्बळ होऊ लागते. या औषधाची एकूण मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक झाली असेल, तर धोका मोठा समजून ठराविक काळाने हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इकोकार्डिओग्राफी, करावी असे वैद्यकीय मार्गदर्शक सूत्र सांगते. तो आकडा हाती नसेल, तर तरुणपणी लागणाऱ्या धापेचे मूळ शोधणारा डॉक्टर भलत्याच वाटेने जाण्याची भीती असते.

व्यक्तीची एकता स्मृतीच्या कक्षेपुरतीच असते, असे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने मानले. भारतीय न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, म्हणजे नैयायिकांनीही, एकाचा अनुभव दुसऱ्याला आठवत नाही या आधारावर, अनुभवणारा आणि आठवणारा आत्मा एकच असल्याचे प्रतिपादले. जे कधी आठवणारच नाही आणि तरीही भोगावे लागते, अशा भूतकाळापुढे स्मृतीवर उभारलेले हे युक्तिवाद अपुरे पडतात. न्यायदर्शनात मात्र आणखी एक वाट आहे, ती शब्दप्रमाणाची, म्हणजे विश्वसनीय वक्त्याच्या वचनातून होणाऱ्या यथार्थ ज्ञानाची. असा वक्ता, म्हणजे आप्त, कोण, याचे उत्तर देताना भाष्यकार वात्स्यायनाने कुळ वा प्रतिष्ठा न पाहता दोनच गोष्टी मागितल्या: विषयाचे साक्षात् ज्ञान आणि ते जसेच्या तसे सांगण्याची इच्छा.

युरोपातील ‘सर्व्हायव्हरशिप पासपोर्ट’ आणि अमेरिकेतील ‘पासपोर्ट फॉर केअर’ या डिजिटल साधनांकडे याच दृष्टीने पाहणे उचित ठरते. औषधांच्या मात्रा, किरणोपचाराची जागा व शस्त्रक्रिया यांची नोंद घेऊन पुढे कोणत्या तपासण्या कराव्यात हे ती सुचवतात, आणि त्यांचे मोल थोर आहे. तथापि संगणकाला सांगण्याची इच्छा नसते. आप्तत्व नोंद करणाऱ्या माणसांचेच राहते. उपचारांचे कागद पडताळून मात्रांची बेरीज करणारी परिचारिका आणि ती तपासणारा डॉक्टर, यांच्या निष्ठेवर त्या पडद्यावरील आकड्याची सारी विश्वसनीयता अवलंबून असते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९९१ पासून चालणाऱ्या उपचारोत्तर क्लिनिकचा आधारही, संगणक असो वा नसो, हीच निष्ठा होय.

सत्य वचन सर्वांपुढे उच्चारलेच पाहिजे, असे मात्र यातून निष्पन्न होत नाही. फ्रान्सच्या २०२२ च्या कायद्यानुसार, उपचार संपून पाच वर्षे उलटली आणि रोग परतला नाही, तर गृहकर्जाच्या विम्यासाठी कर्करोगाची माहिती द्यावी लागत नाही. हृदयतज्ज्ञापुढे जी नोंद बोलती असावी, ती विमा कंपनीपुढे मौन राहू शकते, आणि कुठे काय उघड करायचे हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा देह आहे त्याचाच असला पाहिजे. बालवयातील संमती पालकांनी दिलेली असते. म्हणून मूल सज्ञान होताच त्याची नोंद त्याच्या भाषेत समजावून त्याच्या स्वाधीन करणे आणि ती पुढे कोणी पाहावी हे त्याला नव्याने विचारणे, हे उपचारांचेच उरलेले अंग ठरते.