रक्ताळलेल्या हातांशी वाटाघाट

ज्यांचे हात निरपराधांच्या रक्ताने माखले आहेत, अशा सत्ताधीशांशी चर्चेला बसावे काय? जगाची घडी विस्कटत असताना हा प्रश्न आपणां सर्वांना अस्वस्थ करतो.

डिसेंबर १९७८ मध्ये अर्जेंटिना आणि चिली ही दोन कॅथलिक राष्ट्रे बीगल सामुद्रधुनीच्या मुखाशी असलेल्या तीन बेटांवरून युद्धाच्या उंबरठ्यावर उभी होती. १९७७ चा लवादाचा निवाडा चिलीच्या बाजूने लागला होता. अर्जेंटिनाने तो धुडकावला. दोन्हीकडे लष्करशहा होते, दोन्हीकडे विरोधकांचा छळ चालू होता. तरीही पोप जॉन पॉल दुसरे यांनी कार्डिनल अंतोनिओ सामोरे यांना मध्यस्थीस धाडले. ८ जानेवारी १९७९ रोजी माँटेव्हिडिओ येथे उभय राष्ट्रांनी बळाचा वापर न करण्याचे वचन दिले.

अशा वाटाघाटींनी जुलमी राजवटींना प्रतिष्ठा मिळते, हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. परंतु युद्धात मेले असते ते लष्करशहा नव्हेत. मेले असते गोरगरिबांचे पुत्र. शिवाय चर्चेने अवधी मिळवून दिला. १९८३ मध्ये अर्जेंटिनात लोकशाही परतली. नोव्हेंबर १९८४ मध्ये तेथील जनतेने तडजोडीच्या बाजूने कौल दिला आणि व्हॅटिकनमध्ये करारावर सह्या झाल्या. बेटे चिलीकडे राहिली. तो दिवस पाहण्यास सामोरे हयात नव्हते.

म्हणून आम्हांस वाटते, चर्चेला बसणे हे पाप नव्हे. तेथे बसून पीडितांचा विसर पडणे, हे पाप होय. युद्ध टळले म्हणजे न्याय झाला असे नव्हे. पण न्याय मागावयास माणसे जिवंत उरतात.