घरांतच हरवलेला परवलीचा शब्द



शास्त्यांच्या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायांत परवलीच्या शब्दाची एक जुनी व दुःखाची गोष्ट सांगितली आहे. गिलादी लोकांनीं एफ्राइमी लोकांचा पराभव केला व यार्देन नदीचे उतार रोखून धरिले. पळून आलेला कोणी "मला पलीकडे जाऊं द्या" असें म्हणाला म्हणजे ते त्यास "शिब्बोलेथ" हा शब्द उच्चारावयास लावीत. एफ्राइमी मनुष्याच्या जिभेस "श" येत नसे. तो "सिब्बोलेथ" म्हणे, आणि त्या एका अक्षरावरून त्याचा प्राण जाई. त्या वेळीं ४२,००० एफ्राइमी पडले असें तेथें लिहिलें आहे. शब्द बरोबर असला तर वाट मोकळी, आणि एका अक्षरानें चुकला तर वाट बंद, असा परवलीच्या शब्दाचा धर्मच आहे.

आज असाच एक शब्द आपल्या खेड्यांतील पुष्कळ घरांच्या उंबरठ्यावर उभा आहे. भिंतीवर किंवा कपाटावर ठेविलेली जी लहानशी पेटी, जिला राउटर म्हणतात, तिच्यांतून वाय-फाय घरभर पसरतें. ज्यास शब्द ठाऊक आहे त्यास ती पेटी आंत घेते. ज्यास ठाऊक नाहीं त्यास ती घेत नाहीं, मग तो घरचा धनी कां असेना. तार जोडावयास आलेल्या मनुष्यानें किंवा घरांतील एखाद्या शिकलेल्या मुलानें एक शब्द ठरविला, सर्वांचे मोबाइल एकदां जोडून दिले, आणि मग तो शब्द उच्चारण्याचें कारणच कोणास पडलें नाहीं. दोन वर्षें लोटलीं. एके दिवशीं नवा मोबाइल घरांत येतो, किंवा नवी सून येते, आणि पेटी विचारते, "शब्द काय?" तेव्हां सर्वजण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

ही गोष्ट क्षुल्लक आहे असें कोणीं म्हणूं नये. ज्या घरचा मुलगा आखातांत किंवा मुंबईस चाकरीला आहे, त्या घरची म्हातारी आई दिवसभर काम करून रात्रीं त्याचें तोंड पाहावयास बसते. डोंगराआडच्या ज्या वाडीवर मोबाइलची रेंज पोंचत नाहीं, तेथें ती पेटी हीच तिची खिडकी. मोबाइल फुटला, नवा आणिला, आणि शब्द कोणासच ठाऊक नाहीं, तर ती खिडकी लागली. आणि ज्यानें तो शब्द ठेविला तोच जर प्रभूमध्यें निजला असेल, तर त्या घरांत दुःखावर दुःख येतें. म्हणून ह्या विषयाचा शांत मनानें विचार करूं.

पहिली गोष्ट ही कीं, हा शब्द अंदाजानें मिळत नाहीं. पुष्कळजण मुलीचें नांव, गाडीचा नंबर, लग्नाचें वर्ष असें एकामागून एक घालून पाहतात. दोनचार वेळां पाहण्यास हरकत नाहीं, कारण मनुष्य बहुधा असेच शब्द ठेवितो. पण त्यापुढें हा मार्ग व्यर्थ आहे. घरगुती वाय-फायचा शब्द साधारणपणें ८ पासून ६३ अक्षरांपर्यंत असतो. इंग्रजीतील मोठें अक्षर व लहान अक्षर हीं त्यांत निरनिराळीं मानिलीं जातात, आणि तेवढा एक फरक पडला तरी पेटी "सिब्बोलेथ" ऐकल्याप्रमाणें दार लावून घेते. केवळ इंग्रजी लहान अक्षरांचा, आठच अक्षरांचा शब्द धरला, तरी २०,८८२ कोटींहून अधिक शब्द होतात. दर सेकंदास एक शब्द घालून पाहिला तर सर्व पाहून होण्यास साडेसहा हजार वर्षांहून अधिक काळ लागेल.

कोणी म्हणतात कीं, शब्द हवेंतून जातो, तर तो हवेंतच पकडावा. तेंही खरें नव्हे. २००४ सालापासून जी डब्ल्यूपीए-२ नांवाची पद्धत चालत आली आहे, तींत पेटी व मोबाइल तो शब्द एकमेकांस उघड सांगत नाहींत. शब्द व वाय-फायचें नांव हीं दोन्ही एकत्र करून यंत्र तीं ४,०९६ वेळां घोटतें आणि त्यांतून एक किल्ली काढितें. मग "तीच किल्ली माझ्यापाशीं आहे" एवढेंच दोघे एकमेकांस पटवून देतात. म्हणून जो कोणी मोबाइलवर "कोणाचाही पासवर्ड काढून देतों" अशी जाहिरात करितो, त्याच्या नादीं लागूं नका. तो बहुधा तुमच्याच मोबाइलमध्यें शिरावयास पाहतो. आणि जरी त्याचें म्हणणें खरें असतें, तरी शेजाऱ्याचें दार न विचारतां उघडणें ही चोरीच होय. गरज असेल तर शेजाऱ्यास तोंडानें विचारावें. मागण्यांत लाज नाहीं.

दुसरी गोष्ट ही कीं, जें घरांत हरवलें तें घरांतच शोधावें. लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायांत एका स्त्रीचा दृष्टांत आहे. तिच्या दहा नाण्यांपैकीं एक हरवलें. ती रस्त्यावर धांवली नाहीं, शेजाऱ्यांवर आळ घेतला नाहीं, कीं "घरांतील कोणीतरी नेलें" म्हणून भांडली नाहीं. तिनें दिवा लाविला, घर झाडलें, आणि सांपडेपर्यंत शोध केला. आपणही तसेंच क्रमानें करावें.

प्रथम पेटी उलटी करून तिच्या तळाशीं किंवा पाठीशीं चिकटविलेला कागद दिव्यापाशीं धरून वाचावा. पुष्कळ पेट्यांवर कारखान्यांतूनच वाय-फायचें नांव व त्याचा पासवर्ड छापून येतो. तो मागाहून कोणीं बदलला नसेल, तर शोध येथेंच संपला. मात्र त्याच कागदावर कित्येकदां दुसराही एक पासवर्ड असतो. तो पेटीच्या अंतर्गत व्यवस्थेंत शिरण्याचा असतो. ह्या दोहोंचा घोटाळा करूं नये.

तेथें न मिळाला, तर जो आधींच आंत आहे त्यास विचारावें. मनुष्य शब्द विसरला असला, तरी जो मोबाइल आजही त्या वाय-फायला जोडलेला आहे तो विसरलेला नसतो; त्यानें तो आपल्या पोटांत जपून ठेविलेला असतो. अँड्रॉइड मोबाइल १० व्या आवृत्तीचा, म्हणजे २०१९ सालची किंवा तिच्या पुढची व्यवस्था असलेला असेल, तर त्याच्या सेटिंग्जमध्यें जाऊन जोडलेल्या वाय-फायच्या नांवावर बोट ठेवावें व "शेअर" हें पाहावें. एक चौकोनी ठिपक्यांची खूण, जिला क्यूआर कोड म्हणतात, ती दिसते. नवा मोबाइल तिच्यासमोर धरला कीं तोही आंत येतो. पुष्कळ मोबाइलांत त्या खुणेखालीं शब्दही लिहिलेला दिसतो. आयफोनमध्यें २०२२ सालच्या १६ व्या आवृत्तीपासून वाय-फायच्या नांवाशेजारच्या खुणेंतून पासवर्ड वाचतां येतो. घरांत विंडोजचा जोडलेला संगणक असेल, तर त्याच्या वाय-फायच्या गुणधर्मांतील सुरक्षेच्या पानावर अक्षरें दाखविण्याची सोय असते.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. शब्द दाखविण्यापूर्वीं मोबाइल आपल्या धन्याचें बोट, चेहरा किंवा आंकडे मागतो. म्हणजे दुसऱ्यास आंत आणावयाचें असेल, तर आणणाऱ्यानें आधीं आपली ओळख पटवून दिली पाहिजे. आपल्या मंडळींतही नवख्या मनुष्याचा हात धरून आणणारा स्वतः ओळखीचा व विश्वासाचा असला, तरच त्याच्या शब्दास वजन असतें.

आणि एक इशारा द्यावासा वाटतो. जो मोबाइल जोडलेला आहे, त्यावर "फर्गेट", म्हणजे "विसर", अशी एक आज्ञा असते. ती दाबली तर त्या मोबाइलच्या पोटांतील शब्द पुसला जातो. घरांत तेवढा एकच मोबाइल उरला असेल, तर आपण आपला शेवटचा साक्षीदारच घालविला असें होईल.

तिसरी गोष्ट, सर्व पुसून टाकण्याची घाई करूं नये. पेटीला एक बारीक भोंक असतें. त्यांत टाचणी घालून सुमारें दहा सेकंद किंवा अधिक दाबून धरलें कीं पेटी कारखान्यांतून आली तशी कोरी होते, आणि मग कागदावर छापलेला शब्द पुन्हां चालतो. हा उपाय खरा आहे, पण शेवटचा आहे. कारण शब्दाबरोबर, तार पुरविणाऱ्यानें भरलेलीं नांवें व आंकडेही कित्येकदां पुसले जातात. आणि मग दार उघडतें, पण घरांत इंटरनेटच येत नाहीं. म्हणून टाचणी हातीं घेण्यापूर्वीं तार पुरविणाऱ्यास विचारावें. संगणक पेटीला तारेनें जोडतां येत असेल, तर आणखी एक मार्ग आहे. पेटीवर जो पत्ता छापलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, तो संगणकांत घालून व दुसरा पासवर्ड देऊन पेटीच्या अंतर्गत व्यवस्थेंत जातां येतें. तेथें जुना शब्द वाचतां येतो किंवा नवा ठेवितां येतो, आणि बाकीचें कांहीं बिघडत नाहीं. एका हरवलेल्या नाण्यासाठीं त्या स्त्रीनें घर पाडलें नाहीं; आपणही रागाच्या भरांत तसें करूं नये.

चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, सांपडलेला शब्द एकट्याच्या डोक्यांत ठेवूं नये. पोलिबियस नांवाच्या ग्रीक इतिहासकारानें ख्रिस्तापूर्वीं दुसऱ्या शतकांत रोमी छावणीची रीत वर्णन केली आहे. रोज सूर्यास्ताच्या वेळीं परवलीचा शब्द लांकडाच्या फळीवर लिहून दिला जाई. ती फळी छावणीच्या टोंकाच्या तुकडीपासून निघे, साक्षीदारांदेखत एका तुकडीकडून दुसरीकडे जाई, आणि अंधार पडण्यापूर्वीं सरदाराकडे परत येई. एखादी फळी परत आली नाहीं, तर ती कोठें अडकली हें तिच्या खुणेवरून तत्काळ कळे. एवढ्या बलाढ्य सैन्यानें सुद्धां आपला शब्द कोणा एकाच्या आठवणीवर सोंपविला नाहीं. मग आपण आपल्या घराचा शब्द एकाच मुलाच्या डोक्यांत कां ठेवावा, आणि तो परगांवीं गेल्यावर कां रडावें?

म्हणून तो कागदावर लिहावा. मोठें अक्षर मोठें व लहान तें लहान लिहावें. शून्य व इंग्रजी "ओ", आंकडा एक व इंग्रजी "एल", ह्यांचा भेद शेजारीं शब्दांत नमूद करावा. तो कागद दारावर किंवा मोबाइलच्या पाठीवर न चिकटवितां, जेथें रेशनकार्ड व जमिनीचे उतारे असतात त्या पेटींत ठेवावा. आपल्यांतील पुष्कळ घरांत शास्त्राच्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर मुलांचे जन्म व लग्नाच्या तारखा लिहिण्याची चाल आहे. जें घराचें आहे तें घरच्या सर्वांस सांपडावें, हाच त्या चालीचा हेतु. शब्द बदलला कीं कागदही त्याच दिवशीं बदलावा.

आणि तो कागद कोठें आहे हें घरांतील प्रत्येक शहाण्या माणसास ठाऊक असावें. सुनेसही, आणि म्हाताऱ्या सासूसही. कित्येक घरांत हा शब्द विसरलेला नसतो, तर एकानें दाबून ठेविलेला असतो. मुलगा म्हणतो, "आईस त्याचें काय कारण?" सासरा म्हणतो, "सुनेस तो कशाला पाहिजे?" बंधूंनो, यार्देनेच्या उतारावर तो शब्द आपल्याच भाऊबंदांस अडवावयास वापरला गेला, आणि नदी रक्तानें भरली. परक्या चोरास अडविण्यासाठीं जें कुलूप लाविलें, तें घरच्याच माणसाच्या तोंडावर लावूं नका. सुनेस तिच्या माहेरच्यांचा आवाज ऐकतां यावा, हें तुमच्या हातीं आहे.

मंडळ्यांत फिरणाऱ्या उपदेशकांस एक विनंति आहे. तुम्ही विधवांच्या व वृद्धांच्या घरीं प्रार्थनेस जातां, तेव्हां जातांना एवढें विचारा, "आजी, वाय-फायचा शब्द कोठें लिहून ठेविला आहे काय?" नसेल तर क्षणभर बसा, चालू मोबाइलमधून तो काढून मोठ्या अक्षरांनीं लिहून द्या, त्यांच्या हातानें पेटींत ठेववा, आणि स्वतःपाशीं त्याची नक्कल ठेवूं नका.

आणि ज्या घरांत आज सर्व कांहीं नीट चाललें आहे, त्यांनीं स्वस्थ राहूं नये. आज रात्रीं निजण्यापूर्वीं, निदान एक तरी मोबाइल आंत आहे तोंवर, शब्द पाहून लिहून ठेवा. उद्यां तोच मोबाइल विहिरींत पडेल, तर तुमच्या घरांत तो शब्द जाणणारें कोणी उरेल काय?