संग्रह आणि परिग्रह

संग्रह हा गुण मानावा की दोष, या प्रश्नाची दोन्ही उत्तरे आपल्या भाषेने देऊन ठेवली आहेत. गांधीजींच्या एकादश व्रतांत ‘असंग्रह’ हे एक व्रत आहे. पतंजलींच्या पाच यमांतील ‘अपरिग्रह’ तो हाच, आणि जैन मुनींच्या महाव्रतांतही त्यास स्थान आहे. उलटपक्षी, गीतेने ज्यास श्रेष्ठ पुरुषाचे कर्तव्य ठरविले आणि लोकमान्यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ज्याचे विस्ताराने विवरण केले, त्या ‘लोकसंग्रहा’तही संग्रह हाच शब्द आहे. तेव्हा जमविणे सरसकट निंद्य म्हणता येत नाही आणि सरसकट वंद्यही म्हणता येत नाही. मग या दोहोंमधील सीमारेषा कोठे आखावयाची?

धनधान्याच्या संग्रहावरून हा विचार करू गेल्यास पोटाचा व मुलाबाळांचा प्रश्न आड येतो आणि बुद्धीस निर्मळ निर्णय देता येत नाही. म्हणून एखादी सर्वस्वी निरुपयोगी वस्तू विचारास घेणे बरे. खेळाडूंची चित्रकार्डे ही अशी वस्तू आहे. ती खाता येत नाहीत, नेसता येत नाहीत, त्यांनी घराची शोभाही फारशी वाढत नाही. असे असूनही त्यांच्यापायी मुले जेवणाची वेळ विसरतात आणि प्रौढ माणसे वर्षाची मिळकत खर्चून बसतात. ज्या अर्थी उपयोगाचे समर्थन येथे चालत नाही, त्या अर्थी संग्रहाची वृत्ती येथे अगदी उघडी पाहावयास मिळते.

या कार्डांचा जन्म काही सात्त्विक हेतूने झालेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेटच्या मऊ पाकिटास ताठपणा यावा म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घालीत. तो कोरा घालण्यापेक्षा त्यावर एखादे चित्र छापले, तर संच पुरा करण्यासाठी गिऱ्हाईक पुन्हा येईल, हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले. नट्या, राजे, पक्षी यांच्या जोडीला खेळाडूही त्या तुकड्यांवर अवतरले. इंग्लंडात प्लेअर कंपनीने १९३४ व १९३८ साली क्रिकेटपटूंचे पन्नास-पन्नास कार्डांचे संच काढले. पुढे अमेरिकेत तंबाखूची जागा बबलगमने घेतली आणि टॉप्स कंपनीने १९५२ साली बेसबॉलपटूंचा ४०७ कार्डांचा प्रसिद्ध संच विकावयास काढला. आपल्याकडे काड्यापेटीवरील छाप जमविणारी एक पिढी होऊन गेली. तिच्या पुढच्या पिढीने ‘बिग फन’ गमच्या वेष्टनातील क्रिकेटपटूंची चित्रे जमविली, आणि त्यापुढील पिढीने परदेशी कुस्तीगिरांची उंची, वजन व दर्जा छापलेली ‘ट्रंप कार्डे’ खिशात बाळगली. वरूडसारख्या तालुक्याच्या गावी पुस्तकांचे दुकान शोधावे लागे, परंतु ही कार्डे मात्र शाळेच्या फाटकापर्यंत चालत येत असत.

आता या छंदातील आनंद कशाचा, ते पाहू. पहिला आनंद व्यवस्थेचा आहे. पसरलेल्या ढिगातून एकेक पान उचलून ते आपल्या जागी बसविणे, यात मुलास एका लहानशा विश्वाचे स्वामित्व मिळते. मोठ्यांचे विश्व त्यास कधीच इतके आवरलेले सापडत नाही. दुसरा आनंद ज्ञानाचा. भूगोलाच्या पुस्तकातील आकडे पाठ न होणाऱ्या मुलास पन्नास खेळाडूंच्या धावांच्या सरासऱ्या तोंडपाठ असतात, याचे शिक्षकांनी नवल करण्याऐवजी त्यापासून काही शिकावे हे उत्तम. तिसरा आनंद स्मरणाचा. न पाहिलेला सामना आणि न भेटलेला मनुष्य या तळहाताएवढ्या कागदाच्या योगाने घरचा होतो.

परंतु या तिहींहून मोठा आनंद चौथा, आणि तो देवघेवीचा. एकच कार्ड दोनदा आले की मुलाच्या हाती असे काही पडते, ज्याचा त्यास स्वतःस उपयोग नसतो पण शेजाऱ्यास असतो. त्या क्षणी तो घराबाहेर पडतो. कोणाजवळ काय आहे, कोणास काय हवे आहे, एकाच्या बदल्यात दोन मागणे न्याय्य की अन्याय्य, नवख्या लहान मुलास फसविले तर उद्या आपल्याशी कोण व्यवहार करील, या साऱ्याचा विचार तो करू लागतो. नीतिशास्त्राचा हा पहिला पाठ त्यास कोणी शिकविलेला नसतो. दुप्पट झालेले पान हे अशा रीतीने समाजाचे बीज ठरते. संग्रह येथे माणसास माणसाजवळ नेतो.

चित्राची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत १९०९ ते १९११ या काळात तंबाखूबरोबर दिलेल्या एका संचात होनस वॅग्नर या खेळाडूचे कार्ड होते. ते लवकरच छापणे बंद झाले. तंबाखूच्या प्रसारास आपले नाव लागू नये म्हणून त्याने हरकत घेतली, असे काही म्हणतात. मोबदल्यावरून बिनसले, असे दुसरे म्हणतात. कारण काही असो, आज त्याच्या थोड्याच प्रती उरल्या आहेत आणि २०२२ साली त्यांतील एक ७२ लाख ५० हजार डॉलरांस विकली गेली. त्याच वर्षी टॉप्सच्या १९५२ च्या संचातील मिकी मँटलच्या एका कार्डास १ कोटी २६ लाख डॉलर पडले. या दुसऱ्या कार्डाची हकीकत मोठी बोधप्रद आहे. ते संचाच्या शेवटच्या भागात होते आणि हंगाम संपत आल्यामुळे तो भाग विकला गेला नाही. पुढे १९६० साली, गोदामात जागा अडवून बसलेल्या त्या पेट्या एका पडावावर चढवून अटलांटिक समुद्रात बुडविल्या, असे कंपनीचे सी बर्जर यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. तेव्हा कोणास न लागणारी वस्तू आज दुर्मिळतेमुळे राजवाड्याच्या मोलाची झाली.

आमचे वरूड संत्र्यांचे गाव. बहर उत्तम आला आणि भाव कोसळला की बारीक फळे रस्त्याच्या कडेला ओतून दिलेली येथील प्रत्येकाने पाहिली आहेत. ती पाहून जीव हळहळतो, कारण त्या फळात रस होता, श्रम होते आणि ते कोणाच्या तरी मुखी पडले असते. समुद्रात बुडालेल्या कार्डांविषयी मात्र आज संग्राहकाच्या मनात हळहळीबरोबरच एक गुप्त समाधानही वसत असावे. कारण ती बुडाली नसती, तर त्याच्या कपाटातील प्रतीस ही किंमत आली नसती. संत्र्याच्या गोडीस शेजाऱ्याची टोपली रिकामी असावी लागत नाही. या कार्डाच्या गोडीस ती लागते. आपल्या सुखास दुसऱ्याचा अभाव हा अवश्य घटक व्हावा, येथे मला सीमारेषेची पहिली खूण दिसते.

अलीकडील व्यापाऱ्यांनी तर समुद्राचीही वाट पाहावयाची ठेवलेली नाही. ते दुर्मिळता कारखान्यातच घडवितात. कार्डावर क्रमांक घालून त्याच्या इतक्याच प्रती काढल्या, किंवा एकच काढली, असे जाहीर करावयाचे आणि ती कोणत्या बंद पुडीत आहे हे गुप्त ठेवावयाचे, म्हणजे चित्रांच्या छंदाची सोडत होण्यास वेळ लागत नाही. २००३ साली डॉनरस कंपनीने बेब रूथ याने वापरलेला एक जुना सदरा सुमारे २ लाख ६४ हजार डॉलरांस विकत घेतला आणि त्याच्या चिंध्या करून त्या कार्डांत बसविल्या. प्रत्येकाच्या वाट्यास एकेक तुकडा आला हे खरे. परंतु ज्या सदऱ्याविषयी आदर, तोच नाहीसा झाला.

यावर असा आक्षेप येईल की, दुर्मिळतेवाचून प्रेम उत्पन्नच होत नाही. सहज मिळालेल्या वस्तूस कोण जपतो? आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगा नाही. शोधाचे कष्ट आनंदास खोली देतात, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि ‘मला हे मोठ्या प्रयासाने मिळाले’ आणि ‘हे दुसऱ्या कोणास मिळाले नाही’ ही दोन वाक्ये एकाच मुखातून निघत असली, तरी ती भिन्न अंतःकरणांची आहेत. पहिल्यात आपल्या श्रमाचे स्मरण आहे, दुसऱ्यात दुसऱ्याच्या वंचनेचे. दोहोंची परीक्षा सोपी आहे. उद्या शेजाऱ्यास तेच कार्ड सापडले, तर आपला आनंद वाढतो की घटतो? ज्याचा वाढतो, त्यास बोलावयास एक सोबती मिळाला. ज्याचा घटतो, त्याच्याजवळ कार्ड मुळी नव्हतेच. त्याच्याजवळ केवळ इतरांची उणीव होती.

आणखी एक परीक्षा आहे, आणि ती हाताने काढलेल्या कार्डांची. बाजारात न मिळणारे कार्ड स्वतः रंगवावयाचे, किंवा दुप्पट झालेल्या पानावर नवे चित्र चढवावयाचे, ही कला आज देशोदेशी रूढ झाली आहे. टॉप्स कंपनीनेही २०२० साली वीस कलावंतांकडून वीस जुनी कार्डे नव्याने चितारून घेतली आणि प्रत्येक चित्र जितके मागितले गेले तितकेच छापले. सट्टेबाजी तेथेही शिरली, हा भाग निराळा. आपल्या प्रांतास मात्र हे नवे नाही. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा हाताने रंगविलेल्या एकशेवीस वाटोळ्या पानांची असते. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पाने. ही कला लोप पावत असता शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच तिला आश्रय दिला. आपल्यास जो वंद्य, त्याचे चित्र काढून ते खेळावयाच्या पानावर आणणे, ही वृत्ती आपल्या रक्तात आहे.

वरूडातील काही घरांत मुलांनी केलेली अशी कार्डे मी पाहिली आहेत. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद मापाने कापून त्यावर ती काढलेली असतात. विदर्भाने दिल्लीस हरवून इंदूर येथे पहिला रणजी करंडक जिंकला, तो १ जानेवारी २०१८ रोजी. त्या संघातील फैज फजल, अक्षय वाडकर, अंतिम सामन्यात लागोपाठ तीन बळी घेणारा रजनीश गुरबानी, यांचे चित्र येथील दुकानातल्या पुडीत निघाल्याचे मी ऐकले नाही. जगाच्या बाजारात त्यांस भाव नसेल. मुलास त्यांचे मोल वाटले, म्हणून त्याने ती काढली. पाठीमागे आकडे लिहावयाचे म्हणून त्यास जुने धावफलक शोधावे लागले, आणि चेहरा साधेपर्यंत चार कागद वाया घालवावे लागले. एका मुलीने तर मल्लखांबावरील खेळाडूचे कार्ड केले होते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली ऑलिंपिकच्या वेळी बर्लिन येथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, ही माहिती तिने मागील बाजूस बारीक अक्षरात लिहिली होती. या कार्डाची जगात एकच प्रत आहे, परंतु ती तशी करण्यात कोणास वगळण्याचा हेतू नाही. कोणी मागितले तर ती दुसरे काढून देईल. कारखान्यातील ‘एकमेव’ आणि हे ‘एकमेव’ यांत जो भेद आहे, तोच मला सांगावयाचा आहे.

हाताने केलेल्या कार्डास एकच पथ्य पाळावे लागते. ते आपले आहे असे त्याने उघड सांगितले पाहिजे. जुन्या मौल्यवान कार्डाची हुबेहूब नक्कल करून ती खरी म्हणून विकणाऱ्याचे कौशल्य कितीही असो, त्याने प्रेमाची भाषा लोभाच्या तोंडी घातलेली असते.

संग्रहाची शेवटची कसोटी त्याच्या अंतात असते. अमेरिकेतील जेफर्सन बर्डिक हा सिराक्यूस येथील कारखान्यात विजेची उपकरणे जुळविणारा अविवाहित मनुष्य. त्याने तीन लाखांवर छापील चित्रे जमविली. त्यांत बेसबॉलची कार्डेच तीस हजारांहून अधिक. कार्डांचे वर्गीकरणही त्यानेच प्रथम पद्धतशीर केले. संधिवाताने बोटे आखडलेली असता त्याने तो सारा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास दिला, वर्षानुवर्षे तेथे बसून स्वहस्ते वह्यांत चिकटविला, आणि जानेवारी १९६३ मध्ये काम संपविल्यावर दोनच महिन्यांत तो निवर्तला. चिकटविलेल्या कार्डाची बाजारातील किंमत उतरते. त्याने ती चिकटविली, म्हणजे एका परीने बाजारातून कायमची सोडविली. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलुपे अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, त्या संग्रहास आपल्या दिवंगत मुलाचे, राजाचे, नाव दिले आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. गेलेल्या एका मुलासाठी जमविलेले ते धन आज हजारो घरांतील मुले पाहावयास जातात.

‘परि’ म्हणजे सभोवार, ‘सम्’ म्हणजे एकत्र. धातू दोहोंतही एकच, ग्रह् म्हणजे धरणे. परिग्रहात माणूस वस्तूभोवती हातांचे कुंपण घालतो आणि अखेर आपणच त्या कुंपणात अडकतो. संग्रहात तो विखुरलेले एकत्र आणतो, आणि वस्तूंबरोबर माणसेही एकत्र येतात. लोकसंग्रहासारख्या थोर शब्दाचा व मुलाच्या डब्यातील कार्डांचा संबंध जोडणे कित्येकांस धाडसाचे वाटेल. मला तसे वाटत नाही. म्हणून मुलांनी कार्डे जमवू लागल्यास आईबापांनी डबा काढून घेण्याची घाई करू नये. त्याने आज कोणास काय दिले, एवढे मात्र रोज विचारावे.