हात कुणाचा, होकार कुणाचा

अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली सरदार सरोवराच्या फुगवट्याला लागून आहे. आजारी माणूस हलवायचा तर आधी बोटीचा विचार. म्हणून या कल्पित संवादातली आशाताई आणि डॉक्टर तिथेच बोलत आहेत. रुग्णही कल्पित: मेंदूच्या उजव्या बाजूला झटका, डावं अंग लुळं. डाव्या हाताकडे बघून तो म्हणतो, “हा माझ्या भावाचा.”

“घरचे म्हणतात, सोंग आहे,” ताई म्हणाल्या.

“सोंग नाही. लुळेपणाचं भानच नसण्याला मेंदूतज्ज्ञ बाबिन्स्कींनी 1914 मध्ये नाव दिलं. स्वतःचा अवयव परक्याचा वाटण्याला गेर्स्टमन यांनी 1942 मध्ये.”

“नाव असू दे. चुलीजवळ बसतो. हात निखाऱ्यावर पडला तर?”

“वाद घालून पटणार नाही. इटलीत बिसियाख यांनी 1991 मध्ये एका 84 वर्षांच्या बाईंबद्दल लिहिलं. डावा हात त्या आईचा म्हणायच्या. डाव्या कानात गार पाणी सोडलं की तोल सांभाळणारी यंत्रणा चाळवते. तसं केल्यावर त्या म्हणाल्या, हात माझाच. असर ओसरला, हात पुन्हा आईचा. मेंदूतज्ज्ञ रामचंद्रन यांच्या रुग्ण बाईंनी पाण्यानंतर कबूल केलं की हात बरेच दिवस लुळा आहे. पुढे ती कबुलीच नाकारली.”

“म्हणजे आतून ठाऊक होतं!”

“मेंदूत नोंद होती. तिला ‘ठाऊक असणं’ म्हणायचं का, यावर भांडण आहे.”

“माझं भांडण वेगळं. तुम्ही याच्याही कानात पाणी सोडलंत, त्यानंतर तो म्हणाला, ‘न्या नंदुरबारला दवाखान्यात.’ बोट लागेपर्यंत म्हणाला, ‘मला काय झालंय?’ कुणाचं ऐकू?”

“पहिल्याचं. आजार कळल्याशिवाय संमती कसली?”

“तो पहिला तुमच्या पाण्यापुरता. आम्हाला दिवसभर दुसराच भेटतो. त्याला उचलून बोटीत घालू?”

इथे ताईंचं पारडं जड वाटतं. भल्यासाठीच हलवतोय, ही भाषा मणिबेलीला नवी नाही. 1990च्या दशकात या गावाने, त्यालाच हलवू पाहणाऱ्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. पण डॉक्टरांचा प्रश्न त्याने मिटत नाही. लुळेपण नाकारणारा माणूस उपचार नाकारतो, तेव्हा तो नेमकं काय नाकारतो?

“मग भान आल्यावरच विचारू,” डॉक्टर म्हणाले, “‘नंतर नाही म्हणालात, तरी नेऊ का?’”

“आणि ‘नंतरचंच ऐका’ म्हणाला तर?”

“तर बोट परत. चुलीपाशी कुणीतरी बसायचं, आणि आरसा ठेवायचा. 2011 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात काही रुग्णांनी आरशात दिसणारा हात आपला मानला. नजर थेट हातावर गेली की पुन्हा परका.”

“आरसा आहे घरात,” ताई म्हणाल्या. “बसायला माणूस मिळतो का, ते बघते.”