त्या पोरीला हट्टी म्हणू नकोस

नऊ महिन्यांच्या लेकीला काल तू माझ्यादेखत हट्टी म्हणालास. रडकी म्हणालास. ‘बाई, हिच्या आईनेच हिला अंगाला चिकटवून ठेवलीय, माणसांची सवय नाही लावली,’ असंही म्हणालास, आणि तिची आई तिथेच बसली होती. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं म्हणून मी गप्प राहिले. आज तुला बोलावलंय ते त्यासाठीच. मध्ये बोलू नकोस, पूर्ण ऐकून घे.

काल तुझ्या घरी काय चाललं होतं ते आधी त्या पोरीच्या जागी बसून बघ. बोरन्हाण. हॉलमध्ये माणसं मावत नव्हती. स्पीकरवर गाणी. अंगात नवं काळं झबलं, गळ्यात आणि मनगटांवर टोचणारे हलव्याचे दागिने, दुपारची झोप मोडलेली. तिला आईच्या मांडीवरून उचलून पाटावर बसवलं, सगळी माणसं तिच्याभोवती वाकली आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभरे, उसाचे तुकडे ओतले. (ते हरभरे आणि बोरं नंतर खाली तसेच पडलेले होते. रांगण्याच्या वयाच्या बाळाच्या श्वासनळीत असा एक दाणा अडकला तर जीव जातो. ते आधी उचलायला हवं होतं, तेही कुणी केलं नाही.) ती घाबरली, रडली. रडणार नाही तर काय करेल? आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास बाळं अनोळखी चेहऱ्यांना बुजू लागतात. आपलं माणूस कोण आणि परकं कोण, हे त्यांना आता कळू लागलेलं असतं. म्हणजे तुझ्या लेकीची समज वाढतेय, आणि तू त्याला खोड ठरवलंस.

एवढ्यावर थांबला नाहीस. बहिणीच्या मुलाला उचलून सगळ्यांना दाखवलंस, ‘हा बघा, दहाव्या महिन्यात चालायला लागला.’ तुझ्या लेकीला या बोलण्याचा अर्थ कळत नाही अजून. तुझा आवाज कळतो. तिला हिसका देऊन आईच्या हातात दिलंस, तो हिसका कळतो.

आता स्वभावाबद्दल ऐक. बाळाचा स्वभाव आईने कडेवर किती घेतलं यावर ठरत नाही. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस हे न्यूयॉर्कमधलं मानसोपचारतज्ज्ञ जोडपं. मूल जरा वेगळं वागलं की खापर आईच्या डोक्यावर फोडायचं, अशीच तेव्हा तिकडेही रीत होती. या दोघांना ते पटेना. १९५६ मध्ये त्यांनी तान्ह्या बाळांच्या नोंदी सुरू केल्या आणि ती बाळं मोठी होईपर्यंत चालू ठेवल्या. हालचाल किती करतं, भूक आणि झोप ठरल्या वेळी लागते का, नवं माणूस दिसलं की पुढे झेपावतं की मागे सरतं, बदल अंगवळणी पडायला किती वेळ घेतं, आवाज-उजेड-कपडा किती खुपतो, हसणं-रडणं किती जोरात असतं, एरवी खुशीत असतं की किरकिरं, लक्ष किती पटकन ढळतं, एका गोष्टीत किती वेळ रमतं. असे नऊ पैलू. पहिल्या काही महिन्यांतच या बाबतीत एक बाळ दुसऱ्यासारखं नसतं, हे त्यांनी दाखवून दिलं. सुमारे ४० टक्के बाळं सहज सांभाळता येणारी, १० टक्के सांभाळायला अवघड, १५ टक्के नव्या गोष्टीला हळूहळू रुळणारी. उरलेली ३५ टक्के कुठल्याच गटात धड बसली नाहीत. तेव्हा हे ऐकून घरी जाऊन लेकीच्या कपाळावर नवी चिठ्ठी चिकटवू नकोस.

त्यांच्या कामातली मोलाची गोष्ट पुढेच आहे. त्यांच्या मते कुठलाही स्वभाव मुळात वाईट नसतो, मूल आणि घर यांचं जुळतं की नाही हे महत्त्वाचं. न्यूयॉर्कमधल्याच पोर्टोरिकन कामगार कुटुंबांतली मुलंही त्यांनी पाहिली. ती घरं लहान, मुलं बरीच, बाहेरचा रस्ता सुरक्षित नाही. तिथे मूल फार चळवळं आहे ही तक्रार ठरायची. मोकळी जागा असलेल्या घरात त्याच चळवळीकडे कुणाचं लक्षही जायचं नाही. तुझ्या एका बेडरूमच्या घरात काल तू एवढा मेळा भरवलास आणि गर्दीला बुजणाऱ्या पोरीला त्याच्या मधोमध बसवलंस. न जुळण्याची तजवीज तू केलीस आणि दोष तिला दिलास.

तू स्वतः पहिलीत माझ्या वर्गात आलास तेव्हा कसा होतास, सांगू? दिवाळीपर्यंत वर्गाच्या दाराशी बसायचास, दप्तर पाठीवरून उतरवायचा नाहीस. दारातून तुला फाटक दिसायचं, आणि ते दिसलं की तू शांत असायचास. मी तुला तिथे बसू दिलं. एकदाही हट्टी म्हटलं नाही, हात धरून पुढच्या बाकावर आणलं नाही. दिवाळीनंतर तू आपला आपण आत आलास. तुझी लेक तुझ्यावर गेली आहे, आणि तुला जे मिळालं ते तू तिला नाकारतो आहेस. मला राग आलाय तो याचा.

तिला दडवून ठेव असं मी म्हणत नाही. बुजऱ्या बाळाला कायमचं पदराआड ठेवलं तर भीती मुरते. हार्वर्डच्या जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर नवे आवाज, हलती खेळणी असं एकेक आणून पाहिलं, तेव्हा साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडायचं. अशी बाळं पुढे बुजरी होण्याचा संभव जास्त असतो, पण त्यातली बरीच मोठेपणी तशी राहिली नाहीत. जन्माचा कल असतो, पण तो म्हणजे कपाळावरचा लेख नव्हे. तुझं काम एवढंच की तिला वेळ द्यायचा. कुणाकडे जायचं तर गर्दी जमायच्या आधी जा. पहिली पंधरा-वीस मिनिटं तिला मांडीवर बसून नुसतं बघू दे. आलेल्या माणसाला सांग, तिच्याकडे हात पुढे करू नका, जवळ बसा आणि आमच्याशी बोला. ती आपणहून हात पुढे करेल तेव्हा जाऊ दे. परत आली तर घे. काकांकडे जा, मावशीला पापी दे, हे चालणार नाही.

दुसरी गोष्ट तुझ्या बायकोबद्दलची. पोर दोन-अडीच महिन्यांची असताना संध्याकाळी तासन्‌तास रडायची, तेव्हा तू फोनवर मला म्हणाला होतास, ‘हिचं दूध पुरत नाही.’ कशावरून ठरवलंस? पोरीचं वजन वाढत होतं, दिवसाला सहा-आठ लंगोट ओले होत होते. दूध पुरतंय याच्या खुणा याच. तान्ह्याचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत उतरतं. संध्याकाळी जास्त रडणं हेही नेहमीचं. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाचा हा हिशेब प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून धरायचा, म्हणून तुझ्या लेकीचं ते आणखी लांबलं. ताप असता, दूध टाकलं असतं, वजन अडलं असतं, तर डॉक्टरकडे धावायचं होतं. तसं काही नव्हतं. तेव्हा त्या बाईला झोपेची आणि आधाराची गरज होती, आणि तिला मिळाली आरोपी असल्याची वागणूक. ती काल एकदाही मान वर करून बोलली नाही. बाळंतपणानंतर मन खचतं, महिनोन्‌महिने खचलेलं राहू शकतं, त्यावर उपचार आहेत. तिला स्वतःहून विचार. बोलली नाही तर डॉक्टरकडे घेऊन जा. आणि हे कायमचं लक्षात ठेव, रडणं असह्य झालं तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून दुसऱ्या खोलीत जाऊन श्वास घे, पण गदागदा कधी हलवू नकोस. त्या वयात मान धरलेली नसते, मेंदूत रक्तस्राव होतो.

आता रांगण्याचं. ‘नऊ महिने झाले, अजून रांगत नाही.’ तुझा हिशेबच मुळात चुकलाय. ती पाच आठवडे आधी जन्मली. दोन वर्षांची होईपर्यंत तिच्या वाढीचं वय मोजताना ते पाच आठवडे वजा करायचे असतात. म्हणजे आज ती आठ महिन्यांचीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये पाच देशांतल्या निरोगी मुलांवरून बाळांच्या हालचालींचे टप्पे प्रसिद्ध केले. त्यात आपल्या दिल्लीतलीही मुलं होती. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने. हातापायांवर रांगणं ५.२ ते १३.५ महिने. एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिने. अंतर बघ केवढं आहे. एक निरोगी मूल आठ महिन्यांचं झाल्यावर लगेच चालतं आणि दुसरं निरोगी मूल साडेसतरा महिन्यांचं झाल्यावर. शंभरातली चारेक मुलं तर तसं रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. परदेशातले आकडे नकोत म्हणशील तर बडोद्याला प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी प्रमाणं तयार केली आहेत, विकासतज्ज्ञ ती आजही वापरतात. आपल्याकडे मोजमाप नाही अशी स्थिती नाही. तुझ्याकडे मात्र एकच मोजमाप आहे, बहिणीचा मुलगा.

वाढीचा वेग घरातल्या चालीरीतींवरही अवलंबून असतो. केनियातल्या किप्सिगिस आया बाळांना बसण्याचा आणि चालण्याचा मुद्दाम सराव देतात. चार्ल्स सुपर यांनी १९७६ मध्ये लिहून ठेवलंय की ती बाळं बसायला-चालायला लवकर लागतात, पण ज्याचा सराव नसतो त्यात पुढे नसतात. म्हणून तुझ्या लेकीला दिवसभर गादीवर आणि त्या गोल वॉकरमध्ये ठेवशील तर तिने रांगायचं कुठे? तो वॉकर आज घराबाहेर काढ. त्यात बाळ लोंबकळतं, चवड्यांवर रेटतं, स्वतःचा तोल सांभाळायला शिकत नाही, आणि जिन्यावरून, उंबऱ्यावरून पडून डोकी फुटतात. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्याच्यामागे मूल स्वतःच्या पायावर उभं असतं. तोही ती धरून उभी राहायला लागल्यावर. तोवर सतरंजी अंथर, तिला पालथी टाक आणि समोर स्वतः पोटावर आडवा हो. फोन खाली ठेवून.

यावरून ‘बाई म्हणाल्या, सगळं आपोआप होतं,’ असं घरी जाऊन सांगशील. ते मी म्हटलेलं नाही. वेग वेगळा असतो, पण त्याला हद्द असते. चौथ्या महिन्यापर्यंत मान धरली नाही, नऊ महिन्यांनंतरही आधाराशिवाय बसत नाही, वर्षाचं झालं तरी टाटा नाही की बडबड नाही, दीड वर्षाचं झालं तरी चालत नाही किंवा बोट करून काही दाखवत नाही, दोन वर्षांचं झालं तरी ‘दूध दे’ एवढे दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेली गोष्ट कुठल्याही वयात करेनासं झालं, तर वाट पाहायची नाही. तपासायचं. अंगणवाडीताई देते त्या माता बाल संरक्षण कार्डावरही वाढीचे टप्पे चित्रांसकट छापलेले आहेत. तुझ्या घरातलं कार्ड लसीची तारीख बघण्यापलीकडे कुणी उघडलेलं नसणार.

आणि आता मुख्य बोलणं. ज्याला तू काल मिरवत होतास, तो तुझा भाचा बावीस महिन्यांचा आहे. मी त्याला मागून नावाने हाका मारल्या, तो वळला नाही. उसाचा तुकडा हवा होता तेव्हा त्याने बोट केलं नाही, आईकडे पाहिलंही नाही. तिचा हात धरून ताटापर्यंत ओढत नेलं. ‘मम’ सोडून दुसरा शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नाही, आणि तुझी बहीणही तेच म्हणाली. त्यावर तुम्ही सगळ्यांनी तिला काय सांगितलंत? मुलगे उशिरा बोलतात. याचे बाबाही चार वर्षांचे झाल्यावर बोलले. दहाव्या महिन्यात चालणारं पोर आहे, त्याला काय होतंय? लवकर चाललं म्हणजे बोलणंही वेळेवर येईल असं नाही. त्याच्या पायांचं कौतुक करताना त्याच्या कानांकडे बघायचं तुम्हा कुणालाही सुचलं नाही.

मी डॉक्टर नाही, निदान करत नाही. कदाचित सर्दीने कानात पाणी साचलं असेल, कदाचित ऐकू कमी येत असेल, कदाचित दुसरं काही, कदाचित काहीच नाही. पण ते तपासल्याशिवाय कळणार नाही, आणि भाषा सर्वांत झपाट्याने वाढते ती याच वर्षांत. आधी कान तपासायचे. श्रवणतज्ज्ञाकडे बेरा चाचणी होते, बाळ झोपलेलं असताना, सुई न टोचता. मुंबईला यायला जमलं तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. नसेल जमत तर सरकारी जिल्हा रुग्णालयात विचारायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, आणि वाढीत मागे पडणाऱ्या मुलांच्या तपासणी-उपचारासाठी त्याखाली डीईआयसी केंद्रं उघडली आहेत. कान ठीक निघाले तर विकासतज्ज्ञ बालरोग डॉक्टरांकडे.

बहिणीला सांगताना घाबरवू नकोस. तिच्या सासरी हे सगळं तिच्यावर शेकणार, हे तुलाही माहीत आहे, म्हणून आधी मेहुण्याशी बोल आणि तपासणीला तो सोबत जाईल असं बघ. टीव्ही दाखवला म्हणून, नोकरी करते म्हणून, लाडावून ठेवला म्हणून, असलं एकही वाक्य कुणी बोललं तर तिथेच थांबव. काल स्वतःच्या बायकोबाबत तुला ते जमलं नाही. आज बहिणीसाठी करून दाखव.

काढ फोन. लाव तिला, माझ्यासमोर. ऐकत नसेल तर मला दे. तीही माझ्याच वर्गात होती, मी बोलते तिच्याशी.