आवड आधी घरात हवी

परीक्षा संपत आल्या की अमरावती-अकोल्यात उन्हाळी शिबिरांचे फलक लागतात. तबला, चित्रकला, नृत्य, गिटार, मातीकाम. दहा-पंधरा दिवसांचा वर्ग आणि शेवटी प्रमाणपत्र. त्याच सुमारास, १५ एप्रिलला, सुरेश भटांची जयंती येते. मराठी गझलेला घराघरात नेणारा हा कवी १९३२ मध्ये अमरावतीत जन्मला आणि इथेच लहानाचा मोठा झाला. त्यांच्या गझलेवर पुष्कळ बोललं जातं. मला आज त्यांच्या घराविषयी बोलायचं आहे, कारण लहान मुलाची आवड कशी उमलते याचं इतकं जवळचं उदाहरण आपल्याला दुसरं मिळायचं नाही.

वडील श्रीधरपंत डॉक्टर. मूल अडीच वर्षांचं असताना त्याला पोलिओ झाला आणि उजवा पाय कायमचा अधू राहिला. आईला कवितेची मनापासून आवड. घरात बाजाची पेटी होती, गाण्यांच्या तबकड्या वाजत. ऐकता ऐकता मुलगा गाऊ लागला आणि पुढे लिहू लागला. एवढीच ही गोष्ट आहे, आणि ती एवढी साधी आहे म्हणूनच तिच्याकडे नीट पाहायला हवं. आईची कवितेची आवड ही तिची स्वतःची होती. मुलाला कवी करायचं म्हणून कुणी कवितेवर प्रेम करू शकत नाही. मुलानं पाहिलं ते एवढंच, की आपल्या घरातलं एक मोठं माणूस कसलाही फायदा नसताना एका गोष्टीत रमतं. त्या रमण्याची लागण लहान मुलाला फार लवकर होते.

आपण नेमकं उलटं करतो. आईबाप दोघंही संध्याकाळी मोबाइल घेऊन बसतात आणि मुलाला गाडीवर बसवून चित्रकलेच्या क्लासला सोडून येतात. मुलाला वाचनाची आवड लागावी म्हणून पुस्तकं आणतात, पण घरात दुसरं कुणी पुस्तक उघडताना त्याला कधी दिसत नाही. मुलाला कळतं, की ही गोष्ट मोठ्या माणसांना स्वतःला नको आहे, ती फक्त आपल्याकडून हवी आहे. एकदा हे कळलं, की ती आवड उरत नाही, तो गृहपाठ होतो.

यावर कुणी म्हणेल, डॉक्टरांच्या घरी पेटी आणि तबकड्या परवडत होत्या. खरं आहे. म्हणून याच जिल्ह्यातलं दुसरं मूल आठवावं. यावलीचा माणिक, जन्म १९०९ चा. वडील शिवणकाम करत, घरात गरिबी. शाळा फार झाली नाही. पण वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या सहवासात भजन कानावर पडलं, आणि हातात खंजिरी आली. तोच पुढे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज म्हणून देशाला माहीत झाला. खंजिरीला पैसा फारसा लागत नाही. लागतं ते भजनात रंगलेलं माणूस आणि त्याच्याजवळ बसायची मुभा. आजही वऱ्हाडातल्या खेड्यात पेटी नसेल, पण भजनी मंडळ असतं. तिथे रात्री एका कोपऱ्यात पेंगत बसलेल्या पोराला ‘घरी जा, सकाळी शाळा आहे’ असं रोज सांगण्याऐवजी एखाद्या दिवशी त्याच्या हातात टाळ द्यावेत.

तरीही ‘गाण्यानं पोट भरते काय?’ हा प्रश्न विचारणाऱ्या बापाला मी नावं ठेवणार नाही. कापसाचा आणि सोयाबीनचा भाव ज्याच्या हातात नाही, त्याला मुलाच्या भविष्याची धास्ती वाटणारच. अकोल्यात शिकवणी वर्गांसाठी बुलडाणा-वाशीमकडून मुलं येऊन राहतात ती या धास्तीपोटीच. पण धास्तीनं घेतलेला निर्णय आणि मुलाच्या हिताचा निर्णय दर वेळी एकच नसतो, हे स्वतःशी तरी कबूल केलं पाहिजे. आठवीपर्यंत ज्या हातात ब्रश होता तो नववीत काढून घेतला जातो. किंवा याहून वाईट म्हणजे, दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून तो हातात कोंबला जातो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा चांगल्या हेतूनं सुरू झाल्या आहेत, त्यांत काही दोष नाही. शास्त्रीय संगीताच्या प्रारंभिक, प्रवेशिका या परीक्षांचंही तसंच. दोष तिथे आहे, जिथे मूल चित्र पूर्ण झाल्यावर ‘बघ ना’ म्हणतं आणि आपण ‘ग्रेड कोणती?’ विचारतो.

बक्षिसाच्या बोलीनं मुलाच्या आवडीचं काय होतं, या प्रश्नावर १९७३ मध्ये अमेरिकेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तो प्रत्येक शिबिर चालकानं आणि पालकानं वाचावा असा आहे. तीन ते पाच वर्षांची, स्केचपेननं चित्रं काढायची मुळातच आवड असलेली मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र नंतर अचानक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच पेन बालवाडीत पुन्हा ठेवले आणि मुलं आपणहून किती वेळ चित्र काढतात ते पाहिलं. प्रमाणपत्राच्या बोलीवर चित्र काढलेली मुलं आता इतरांच्या साधारण निम्माच वेळ त्या पेनांकडे वळत होती. ज्यांना बक्षीस अनपेक्षित मिळालं होतं त्यांची आवड मात्र शाबूत होती. म्हणजे शाबासकीनं काही बिघडत नाही. बिघडतं ते सौद्यानं. जी गोष्ट मूल फुकट करत होतं तिची आपण मजुरी ठरवली, आणि मजुरी थांबल्यावर कामही थांबलं.

मुलाला आमिष नको, मोकळीक हवी, हा विचार आपल्याकडे परका नाही. ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत राहिल्या होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं, १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ मध्ये कोसबाडला ते आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत नेलं. तिथे साधनं म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे वापरले जात. महागड्या वस्तूंवाचून मुलाची निर्मिती अडत नाही हे त्यांनी काम करून दाखवलं. आपल्या गच्चीवर, अंगणात, शेताच्या धुऱ्यावर त्यातलं सगळं पडलेलं आहे. नसते ती फक्त पसारा होऊ देण्याची आपली तयारी.

वऱ्हाडानं तर मुलांच्या निर्मितीसाठी सणच राखून ठेवले होते. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते ती कोजागरीपर्यंत. मातीची भुलाबाई, मातीचा भुलोजी, ज्वारीच्या धांड्यांचा मखर, टिपऱ्यांचा ठेका, आणि महिनाभर घरोघर जाऊन म्हणायची गाणी. गाणं संपलं की डब्यात कोणता खाऊ आहे ते ओळखायचं. सात-आठ वर्षांच्या मुली यात ताल शिकत, यमक शिकत, मोठ्या मुलींचं ऐकून कडव्यात आपलं एखादं नाव घुसवत. ताल चुकला तर हसू व्हायचं, गुण कापले जात नसत. मुलांसाठी पोळ्याच्या झडत्या होत्या. तोरणाखाली बैलांच्या रांगा लागल्या, की गावातली जाणती माणसं देवापासून सावकारापर्यंत सगळ्यांना यमकात ओढत. खाली उभं राहून ऐकणारं पोर दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवताना तशीच एखादी झडती जुळवून बघे. आता भुलाबाईच्याही स्पर्धा होतात. सण टिकावा ही आयोजकांची तळमळ मला समजते, आणि त्यांच्या कष्टांबद्दल आदर आहे. तरी माझं मत असं, की लहान गटाला क्रमांक देऊ नयेत. सगळ्यांना खाऊ द्यावा, तीच रीत होती.

मुलाची आवड ओळखायची कशी, हे मला पालक विचारतात. त्याला काय करायला सांगितलं तर छान जमतं, हे पाहू नका. कुणीच काही सांगितलेलं नसताना ते कशाकडे वळतं ते पाहा. ताट-वाटी वाजवतं का, शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर काय काढतं, कोणती गोष्ट पुन्हापुन्हा सांगायला लावतं. घाई करू नका. दोन महिन्यांत आवड बदलली तर बदलू द्या, माळ्यावर गेलेला तबला म्हणजे बुडालेला पैसा नव्हे. पाहुणे आले की ‘काकांना गाणं म्हणून दाखव’ हा आग्रह मात्र कायमचा सोडा. आठ-नऊ वर्षांपर्यंत परीक्षा नको, मंच नको. पुढे मूल स्वतःच ‘मला अजून शिकायचंय’ म्हणू लागलं, की चांगला गुरू शोधा आणि तिथे मग शिस्त आणि रियाजाचे कष्ट टाळू देऊ नका. कंटाळलेल्या मुलाला थोडं रेटणं आणि ज्याला ते नकोच आहे अशा मुलाला ढकलणं यातला फरक त्या मुलाच्या जवळ बसणाऱ्यालाच कळतो, फी भरणाऱ्याला नाही.

आणि वेळ द्या. भट बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेत दोनदा नापास झाले, १९५५ मध्ये पास झाले. ‘रूपगंधा’ १९६१ मध्ये आली, ‘रंग माझा वेगळा’ १९७४ मध्ये, ‘एल्गार’ १९८३ मध्ये. नापास होणं हे काही कवीचं लक्षण नव्हे आणि पेटी असलेल्या प्रत्येक घरात भट जन्मत नाहीत. जन्मायची गरजही नाही. ज्या मुलाला एखादी गोष्ट मनापासून आवडते ते मोठेपणी बँकेत किंवा शेतात राबलं, तरी त्याच्याजवळ स्वतःचं असं काहीतरी असतं. ते हिरावून घ्यायचा अधिकार आईबापांनाही नाही.

शिबिरात मुलाचं नाव घालायचं तर जरूर घाला. पण त्याआधी या सुट्टीत तुमची स्वतःची थांबलेली गोष्ट पुन्हा सुरू करा. भरतकाम असो, बासरी असो, जुन्या वहीतल्या कविता असोत. रोज अर्धा तास, मूल घरात असताना, त्याला हाक न मारता.